अल्फान्सो, तुफान आणि टेबलाखालची पाचर

कोलशेतच्या खाडीकडच्या गावठाणात अल्फान्सो कोरियाच्या घरी जेवायला बसणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवायची. कालवण ताटाच्या डाव्या कडेला मिळतं. उजवीकडचा भात कोरडाच राहतो. यात त्याच्या बायकोचा, एमाचा, काही दोष नाही. टेबलच वाकडं आहे, आणि ते खुद्द घरमालकाने मुद्दाम वाकडं करून घेतलंय.

त्याच्या मते सरळ करून घेतलंय.

आता हा माणूस काही येडा नव्हे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्याने उभी हयात लेथ मशिनवर काढली आणि फोरमन होऊन रिटायर झाला. खिशात पेन नसेल, पण लेवल असायचीच. लेवल म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी. बुडबुडा मधोमध आला की वस्तू सरळ. अल्फान्सो कुणाच्या लग्नाला गेला तर नवरा-नवरीच्या आधी मांडवाचे खांब बघायचा. फादरांकडे चहाला गेला तर संत अंतोनीची तसबीर सरळ केल्याशिवाय कपाला हात लावायचा नाही. एकदा तर मयताच्या घरी शवपेटीच्या स्टुलाखाली त्याने कागदाची घडी सारली होती, आणि ते करून झाल्यावर मगच रडायला बसला होता. गावात कुणाचं दार घासायला लागलं, कुणाची शिडी डुगडुगायला लागली की पोरं धावत त्याच्याकडे यायची. याचा त्याला कोण अभिमान!

आणि नेमक्या याच माणसाला दीडेक वर्षापूर्वी, सकाळी दाढी करता करता, पॅरालिसिसचा झटका आला. डावी बाजू गेली. औषधपाण्याने वाचा परत आली. सगळ्यात आधी तीच आली हे आपलं नशीब, असं एमा म्हणायची. पाय थोडाफार आला, हात अर्धामुर्धा आला. पण माणूस बसला की डावीकडे कलायचा, आणि आपण कलतोय हे त्याला कबूलच नसायचं. डॉक्टरांनी समजावलं की अशा झटक्यात काही जणांच्या मेंदूतली सरळ रेषाच सरकते. कललं की त्यांना सरळ वाटतं, आणि सरळ बसवलं की आपण दुसऱ्या बाजूला पडतोय असं वाटतं. अल्फान्सोने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. केबिनबाहेर आल्यावर एमाला म्हणाला, डॉक्टर हुशार आहे, पण त्याचं टेबल वाकडं आहे.

घरी आल्यावर त्याला सगळंच वाकडं दिसायला लागलं. लेवल मागवून घेतली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि मान कलती करून बघितली. बुडबुडा मधोमध होता. त्यावर त्याने निकाल दिला की लेवल म्हातारी झाली, आणि ती खणात टाकून दिली. मग शेजारच्या सुताराकडून लाकडी पाचरी करून घेतल्या. टेबलाच्या उजव्या पायांखाली पाचर, टीव्हीच्या स्टँडखाली पाचर, पलंगाखालीसुद्धा पाचर. एमाने पहिले काही दिवस आकाशपाताळ एक केलं. मग तिने विचार केला, बिचाऱ्याचं एवढं सगळं गेलं, त्याला टेबल तरी मनासारखं मिळू दे. तेव्हापासून ती डावीकडची आमटी पळीने उजवीकडे ओढून जेवते, आणि उतरत्या पलंगावर रात्रभर नवऱ्याच्या अंगावर घरंगळत झोपते.

माणूस घराबाहेर मात्र पडेना. चर्चला नाही, बाजाराला नाही. गावात जो सगळ्यांना सरळ करत फिरला त्याने व्हीलचेअरवर कलंडून फिरायचं? लोकांची दारं घासत राहिली, पण अल्फान्सो खिडकीशी आला नाही.

अशात त्याच्या मुलीचं, रोवेनाचं, लग्न ठरलं. नवरा कोपरीचा, स्टीव्ह, चांगला पोरगा. आता इथल्या ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लुगडी नेसून, ब्रास बँड लावून, अख्खं गाव विहिरीवर पाणी आणायला जातं. त्याला उंबराचं पाणी म्हणतात आणि त्याच पाण्याने नवरीची आंघोळ होते. कोरियांच्या घरची रीत अशी की त्यातली पहिली कळशी नवरीच्या बापाने ओढायची. अल्फान्सोने सांगून टाकलं की आपण येणार नाही, काकाने ओढावी. रोवेना बापाच्याच वळणावर गेलेली. ती म्हणाली, "पपा नसतील तर उंबराचं पाणी नको. मी नळाच्या पाण्याने आंघोळ करून चर्चला जाईन."

एमाने कपाळाला हात लावला. कोरियांची पोरगी नळाच्या पाण्याने नवरी होणार, म्हणजे गावाला पुढची दहा वर्षं पुरेल एवढा विषय. बरं, मनात आणलं असतं तरी अल्फान्सोला न्यायचं कसं? विहिरीकडे जाणारी बोळ दगडधोंड्यांची, मध्ये पायऱ्या. व्हीलचेअर पहिल्याच दगडावर अडून बसली असती.

या भानगडीत घोडा आला.

गावठाणाच्या मागे, नव्या टॉवरांच्या आणि खाडीच्या मधल्या मोकळ्या जागेत, सोनल नावाच्या फिजिओथेरपिस्टने एक तबेला चालवायला घेतला होता. तिथे अपंग मुलं, झटका येऊन गेलेली माणसं, पाठीचं दुखणं असलेली माणसं घोड्यावर बसायला यायची. घोडा चालतो तेव्हा पाठीवरच्या माणसाची कंबर चालल्यासारखी हलते, तोल सावरायला अंग आपोआप शिकतं, असं तिचं म्हणणं. रोवेनाने बापाला तिथे नेलं. तो गेला तो केवळ या बाईच्या कामात खोट काढायला. घरात बसून खोट काढण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

घोड्याचं नाव तुफान. नाव ठेवणारा थट्टेखोर असला पाहिजे, कारण एवढा सावकाश प्राणी ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल. आधी तो कल्याणकडे वरातीत चालायचा. नवरदेव, फटाके, बँड, दारू पिऊन शेपटीला लोंबकळणारे मामा, सगळं बघून झालेलं, त्यामुळे जगात कशाचंच त्याला नवल उरलं नव्हतं. सोनलने त्याला एकच नवी गोष्ट शिकवली होती. पाठीवरचा माणूस एका बाजूला कलला की जागच्या जागी थांबायचं, आणि तो सरळ होईपर्यंत हलायचं नाही.

अल्फान्सोला व्हीलचेअरसाठी बांधलेल्या उतारावरून वर नेऊन तुफानच्या पाठीवर बसवलं. डोक्याला हेल्मेट, पुढे धरायला कडीचा पट्टा. लगाम धरून पुढे तबेल्यातला गोविंदा, उजवीकडून मांडीला हात लावून सोनल, आणि डावीकडे टीचर.

टीचर म्हणजे वासंतीबाई टिपणीस, नौपाड्याच्या. शाळेतून रिटायर झालेल्या. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं, आणि नुसतं चालणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटायचा. इथे चालणंही व्हायचं आणि शेजारी एक माणूस असा मिळायचा जो उठून जाऊ शकत नाही. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "कोरिया, सरळ बसा." अल्फान्सो म्हणाला, "सरलच बसलोय, टीचर. तुमी वाकडे चालताय." इथून जी दोघांची जुंपली ती जुंपलीच.

तुफान हलेना. गोविंदाने चुचकारलं, गूळ दाखवला. तुफानने गूळ खाल्ला आणि तिथेच उभा राहिला. अल्फान्सोने जाहीर केलं की घोडा बिघडलाय, त्याचा एक पाय आखूड आहे. पुढच्या खेपेला तो खणातली लेवल घेऊन आला आणि बसायच्या आधी तुफानच्या पाठीवर ठेवायला लावली. घोडा श्वास घेणार, बुडबुडा कसला जागेवर राहतोय! सोनल हसून हसून उतारावर बसली. टीचरांनी मात्र गंभीरपणे वाकून बुडबुडा पाहिला आणि घोडा पास आहे असं सांगितलं.

दुसरी मुलं बसली की तोच तुफान मुकाट चालायचा हे अल्फान्सो बाजूला बसून बघायचा. त्याला ते झोंबायचं. पण शेवटी तो कारागीर माणूस. मशिन चालत नसेल तर शिव्या घालून झाल्यावर एकेक स्क्रू फिरवून बघायचा, ही त्याची जन्माची सवय. घोड्यावर बसून त्याने तेच सुरू केलं. थोडं पुढे वाकून बघितलं, थोडं मागे. एक दिवस टीचर तावातावाने काहीतरी सांगत होत्या, त्यांना टाळायला म्हणून तो त्यांच्यापासून लांब, उजवीकडे सरकला. त्याला वाटलं, आता आपण पडतोय. आणि तुफान चालायला लागला.

त्याने घाबरून परत डावीकडे अंग टाकलं. तुफान थांबला. पुन्हा उजवीकडे, पडायच्या भीतीने डोळे मिटून. तुफान पुन्हा चालला.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय कबूल करायचं? की डॉक्टर बरोबर होता, एमा बरोबर होती, लेवल बरोबर होती, आणि अल्फान्सो कोरिया, ज्याच्या नजरेवर अख्खा कारखाना चालला, तोच तेवढा चुकला? पण त्यानंतर तो दातओठ खाऊन, पडतोय पडतोय असं वाटत असतानाच बसायला शिकला. चार पावलं तुफान चालायचा, मग अल्फान्सोचा धीर सुटायचा आणि घोडा थांबायचा. टीचर म्हणायच्या, छान. अल्फान्सो म्हणायचा, घोडा सुधारतोय.

लग्न जवळ आलं तेव्हा एका सकाळी घोड्यावर बसूनच त्याने सोनलला विचारलं की हा प्राणी विहिरीच्या बोळीत जाईल का. सोनल आधी नाहीच म्हणाली. मग रोवेनाचा चेहरा तिने पाहिला, आणि हेल्मेट, फटाके बंद, तिघेही सोबत, अशा अटींवर हो म्हणाली. बँडची काळजी नव्हती. बँड वाजला की तुफानला उलट झोप यायची.

त्या संध्याकाळी अल्फान्सो सुटाबुटात, टायवर हेल्मेट घालून, तबेल्यातूनच निघाला. पुढे लुगडी नेसलेल्या बायका डोक्यावर कळश्या घेऊन, मध्ये रोवेना, मग तुफान आणि त्याच्या मागे बँड. टॉवरांच्या गॅलऱ्यांमधून लोक मोबाईल काढून उभे. दीड वर्षाने गावाला अल्फान्सो दिसला होता, आणि तो सगळ्यांपेक्षा उंच होता. जो तो हाक मारायचा. हा ओळख द्यायला वळला की कलायचा, आणि तुफान थांबायचा. घोडा थांबला म्हणून बँड थांबायचा, आणि बँड थांबून नवी चाल धरायचा म्हणून लोक नाचायला लागायचे. दर दहा पावलांवर हीच कथा. लोकांना वाटलं, काय शिकवलेला घोडा आहे, नाचायच्या जागा बरोब्बर ओळखतो. अल्फान्सो वर बसून घामाघूम झाला होता. टीचर दातावर दात ठेवून हळूच "कोरिया, सरळ" म्हणत होत्या, आणि बँडच्या आवाजात ते फक्त त्याला आणि घोड्याला ऐकू जात होतं.

विहिरीशी पोचल्यावर मग सगळ्यांच्या लक्षात आलं. याला विहिरीपर्यंत आणायचं कसं याचाच इतके दिवस खल झाला होता, उतरवायचं कसं याचा कुणी विचारच केला नव्हता. तबेल्यात उतार होता. इथे विहिरीचा कठडा, चिखल आणि मदतीला धावलेले, आधीच थोडी घेतलेले चार पाहुणे. सोनलने त्या पाहुण्यांकडे बघितलं आणि उतरवायचं नाही असं स्पष्ट सांगितलं. कुणीतरी म्हणालं, काकाला ओढू दे, अल्फान्सोने नुसता दोराला हात लावावा. काका बाह्या सरसावून पुढे आलादेखील. रोवेना कळशी घेऊन उभी होती. तिने ती काकाच्या हातात दिली नाही.

अल्फान्सो विहिरीकडे बघत होता. वर लोखंडी आडवा बार, त्याला कप्पी. कप्पीवरून दोर. कप्पीपासून बोळ खाली सरळ जाते. फोरमनच्या डोक्यात चक्र फिरलं. दोराचं टोक मला द्या, तो म्हणाला, घोडा चालेल आणि कळशी वर येईल.

सोनल नाही, नाही, नाही म्हणाली. दोर उजव्या हातात म्हणजे उजवीकडे तिला चालायला जागा नाही. आणि डावीकडे घराची भिंत, बोळ एवढी अरुंद की टीचरही मावणार नाहीत. धरायला कुणी नाही. कलला तर थेट भिंतीवर. तिने टीचरांकडे पाहिलं. टीचर नेहमी तिच्या बाजूने बोलत. टीचरांनी अल्फान्सोच्या मांडीवरचा हात काढला, पदर खोचला आणि मागे सरकल्या.

कळशी विहिरीत बुडाली. दोराचा वेढा अल्फान्सोने उजव्या मुठीत घेतला. गोविंदाने तुफानला बोळीकडे वळवलं आणि चल म्हणाला. तुफान हलला नाही.

बँडवाल्यांनी सवयीने नवी चाल धरली. दोघेजण नाचायलाही लागले. रोवेना मागे वळून ओरडली, "बंद करा ते!"

बँड थांबला. अल्फान्सोला त्याच्या सगळ्या अंगाने सांगितलं की तू सरळ बसला आहेस. भिंत वाकडी होती, बोळ वाकडी होती, पोरीच्या डोक्यावरचा रुमाल वाकडा होता, तो एकटा सरळ होता. आणि घोडा उभाच होता. आयुष्यात त्याने स्वतःच्या नजरेवर कधी दुसऱ्याची नजर मानली नव्हती. त्याने दोर घट्ट धरला आणि दोर जिकडे ओढत होता तिकडे, उजवीकडे, अंग सोडून दिलं. आता गेलो, त्याला वाटलं.

तुफानने पाऊल उचललं.

कप्पी करकरली. अल्फान्सोचा सगळा जीव पडतोय, पडतोय म्हणून आक्रंदत होता आणि तो तसाच बसून राहिला. दुसरं पाऊल, तिसरं. हाताला दोर काचत होता. मागे कोण रडायला लागलं ते त्याला वळून बघता आलं नाही, वळला असता तर घोडा थांबला असता. एमाच असणार, तिचं हुंदके देणं त्याला ठाऊक होतं. मग पाण्याचा छपकारा झाला, कळशी कठड्याला लागली आणि रोवेना ओरडली, "आली! पपा, आली!"

त्यानंतर जे वाजवलं बँडवाल्यांनी! अल्फान्सोला उतरवता येत नव्हतं म्हणून अख्खी मिरवणूक त्याला परत तबेल्यापर्यंत पोचवायला गेली. जाताना कुणी हाक मारली तरी त्याने मान वळवली नाही. लोकांना वाटलं, अल्फान्सो घोड्यावर बसून शेफारला. टीचर शेजारून चालत होत्या आणि त्यांना सांगण्यासारखं काहीच सापडत नव्हतं, त्यामुळे त्या जरा नाराज दिसत होत्या.

घरी आल्यावर पाहुणे मांडवात जेवायला बसले. अल्फान्सो आत, आपल्या टेबलाशी. एमाने ताट वाढलं, आणि सवयीने कालवण पळीने उजवीकडे ओढायला लागली. त्याने पळी धरलेला तिचा हात थांबवला.

"एमा गो," तो म्हणाला, "टेबलाखालची पाचर काढ."

"का? आता काय झाला?"

"टेबल वाकडा हाय."

एमा पळी हातात घेऊन उभी राहिली. कालवण डाव्या कडेला येऊन थांबलं होतं. मग ती गुडघ्यावर बसली आणि टेबलाखाली शिरली. पाचर दीड वर्षात रुतून बसली होती, ती काढायला तिला बराच वेळ लागला. टेबल धप्पकन खाली आलं आणि कालवण ताटभर पसरलं. अल्फान्सो घाबरून टेबलाची कड धरून बसला, कारण त्याच्या डोळ्यांना सगळं घर उजवीकडे कोसळताना दिसत होतं.

"पडत नाय तू," एमा खालूनच म्हणाली.

"ठाऊक हाय मना," तो म्हणाला. "पलंगाखालची पण काढ."

ती टेबलाखालून बाहेर आली, डोळे पुसले आणि लुगडं झटकलं. पलंगाखालची राहू दे, ती म्हणाली, तिची आता सवय झालीय.